पलटणीतील माणसाचा माग : वसाहतकालीन युद्धांतील मराठी शिपायांच्या शोधाची प्रस्तावना

वसाहतकालीन युद्धांत लढलेल्या मराठी शिपायाचा शोध घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिली अडचण उभी राहते ती कागदांच्या अभावाची नव्हे, त्यांच्या रचनेची. कारण ज्या लष्करी व्यवस्थेने हे कागद तयार केले, तिने अधिकाऱ्याचे नाव लिहिले आणि शिपायाची संख्या मोजली. पहिल्या महायुद्धातील कोणत्याही भारतीय पलटणीची ‘वॉर डायरी’, म्हणजे रणांगणावर रोजच्या रोज लिहिले जाणारे पलटणीचे दैनंदिन टिपण, उघडून पाहिली, तर जखमी झालेल्या लेफ्टनंटचे आडनाव आणि आद्याक्षरे तीत व्यवस्थित सापडतात, आणि त्याच ओळीत, त्याच दिवशी पडलेल्या शिपायांपुढे केवळ एक आकडा असतो. त्या आकड्यात कोण होते, ते कोणत्या गावचे होते, त्यांच्या मागे कोण राहिले आणि त्यांचे पदक कोणाच्या हाती पडले, हे शोधण्याच्या विद्येची ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

या विषयाची सुरुवात दगडांपासून करणे सोयीचे ठरते, कारण तीन वेगवेगळ्या काळांतले तीन दगड या व्यवस्थेची वृत्ती स्पष्ट दाखवतात. भीमा नदीकाठी कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईचे स्मारक म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने जो स्तंभ उभारला, त्याची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. त्यावरील मजकूर इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असून पडलेल्या ४९ जणांची नावे त्यावर कोरलेली आहेत, आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा महार समाजात रूढ असलेला प्रत्यय आहे. यानंतर सुमारे चार दशकांनी, १८५८ मध्ये, मुंबईत कुलाब्याला जे अफगाण चर्च पूर्ण झाले, ते सिंध आणि पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ होते. तेथील लेखात अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर असल्याचे सांगून, साध्या सैनिकांची संख्या नावे नोंदण्याच्या पलीकडची असल्याचे नमूद केले आहे. तिसरा दगड इराकमधील बसरा स्मारकाचा. १९२९ मध्ये अनावरण झालेल्या आणि मेसोपोटेमियाच्या मोहिमेतील ४०,००० हून अधिक मृतांसाठी असलेल्या या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण भारतीय शिपाई, नाईक आणि हवालदार यांच्या बाबतीत रेजिमेंटचे नाव देऊन पुढे मृतांचा आकडा घातला गेला. काळ पुढे सरकत गेला तसतशी सामान्य सैनिकाच्या नावाला मान्यता मिळत गेली, असा जो सर्वसाधारण समज आढळतो, तो या तीन दगडांपुढे टिकत नाही; १८२१ मध्ये जे करता आले, ते १९२९ मध्ये करता येत नव्हते असे म्हणण्यास काहीही आधार नाही.

बसऱ्याचा प्रश्न मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटायला हवा, कारण पहिल्या महायुद्धात मराठी भाषक प्रदेशातून भरती झालेल्या पायदळाचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढला. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाओ येथे उतरलेल्या सैन्यात ११७वी मराठा पलटण होती. सहाव्या, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजनमध्ये तिच्या जोडीला १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. एप्रिल १९१५ मधील शैबा, नोव्हेंबर १९१५ मधील टेसिफोन आणि ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिने चाललेला कूटचा वेढा या घटनांची नावे कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या कित्येक घरांत पूर्वी बोलली जात असत. पुढच्या काळात १०५वी, ११४वी आणि ११६वी या पलटणीही त्याच मुलखात गेल्या आणि युद्धाच्या अगदी अखेरीस, ऑक्टोबर १९१८ मधील शरकतच्या लढाईत, ११४व्या पलटणीने नाव कमावले. या सर्वांचे मृत शिपाई, ज्यांना ओळखता येईल अशी कबर मिळाली नाही, ते बसऱ्याच्या आकड्यांत गेले.

याच्या अगदी उलट वागणूक फ्रान्समध्ये मिळाली. न्यव्ह शापेल येथील स्मारक १९२७ मध्ये खुले झाले आणि त्यावर ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावे, हुद्दा न पाहता, कोरली गेली. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे खंदक, पूल आणि सुरुंग यांचे काम करणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या, २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावात ४७व्या शीख पलटणीबरोबर चालून गेल्या होत्या आणि त्यांची अतोनात हानी झाली होती. त्याच सैन्याचा, त्याच पगाराचा आणि पुष्कळदा त्याच तालुक्याचा शिपाई युरोपात पडला तर त्याचे नाव राहिले आणि तैग्रिसच्या काठी पडला तर त्याची बेरीज झाली, याचे कारण त्याच्या शौर्यात शोधता येत नाही. ते पाहणाऱ्यांच्या नजरेत शोधावे लागते. युद्धस्मारकांची जबाबदारी असलेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने नेमलेल्या विशेष समितीने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आहे. सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांचे, ज्यांत भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन लोक प्रामुख्याने होते, स्मरण असमान रीतीने झाले, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, किंवा कदाचित कोणत्याच रीतीने झाले नाही, असे तो अहवाल सांगतो. ही कबुली शंभर वर्षे उशिरा आली आणि तिने दगडावरचा आकडा बदलत नाही, तरीही शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने ती मोलाची आहे.

दगडावर जे नाव नाही, ते वहीत मात्र सापडू शकते, आणि या शोधविद्येचा सगळा आधार या एका गोष्टीवर आहे. कमिशनच्या नोंदवह्यांत मृत शिपायाचा पलटणीतील क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि मृत्यूची तारीख असते, आणि नशिबाने साथ दिली तर त्यापुढे बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा यांचीही ओळ असते. ही ओळ वाचताना आजचा नकाशा बाजूला ठेवावा लागतो. जिथे ‘रत्नागिरी’ असे लिहिले आहे, तिथे मालवण, देवगड, वेंगुर्ले हे आजचे सिंधुदुर्गातील तालुके अभिप्रेत असू शकतात, कारण तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. ‘कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड. ‘सातारा’ या नावाखाली आजच्या सांगलीचाही बराच भाग येतो. आणि सावंतवाडी, कोल्हापूर, फलटण, भोर, औंध, जंजिरा ही संस्थाने असल्याने तेथील शिपायाच्या नावापुढे जिल्ह्याऐवजी संस्थानाचे नाव येते. गावांची नावे इंग्रज कारकुनाने कानावर पडली तशी लिहिली असल्यामुळे ती वाचण्यासाठी त्या भागातील बोलीचा सराव लागतो, आणि या कामी लंडनमधल्या तज्ज्ञापेक्षा तालुक्याच्या ठिकाणचा जुना शिक्षक किंवा निवृत्त तलाठी अधिक उपयोगी पडतो, हे निःसंकोच सांगितले पाहिजे.

दुसरा चकवा पलटणींच्या क्रमांकांचा आहे. १७६८ मध्ये उभी राहिलेली आणि पुढे ‘जंगी पलटण’ म्हणून प्रसिद्ध झालेली पलटण दीर्घकाळ मुंबई लष्कराची तिसरी पलटण होती. १९०३ मध्ये लॉर्ड किचनरने सर्व भारतीय पलटणींना एकाच मालिकेत क्रमांक दिले, तेव्हा मुंबईच्या पायदळाच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले आणि तिसरीची १०३वी, ‘काळी पाचवी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाचवीची १०५वी, दहावीची ११०वी झाली. नंतर १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पाच पलटणी ‘पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री’च्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन बनल्या आणि ११४वी ही बेळगावची प्रशिक्षण बटालियन झाली. ज्याला ही साखळी ठाऊक नाही, तो १८८० मधील ‘पाचव्या’ पलटणीच्या शिपायाला १९२५ च्या ‘पाचव्या’ रेजिमेंटच्या कागदांत शोधत बसतो. कोरेगावला लढलेली पलटण, जी त्या वेळी पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती, तीही पुढे ग्रेनेडिअर्समध्ये गेली, मराठा लाइट इन्फन्ट्रीमध्ये नव्हे. त्यामुळे तिच्या शिपायांचे कागद बेळगावच्या परंपरेत शोधणे व्यर्थ ठरते. शिवाय ‘मराठा’ हे पलटणीचे नाव तीतील प्रत्येक माणसाच्या जातीचे नाव नव्हते. या पलटणींत कोकणी मराठे आणि देशावरचे मराठे यांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांचीही कंपनी असे, आणि उलट बाजूने मराठी बोलणारे शिपाई ग्रेनेडिअर्स, पायोनिअर्स आणि सॅपर्समध्ये विखुरलेले होते.

नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शिपायाच्या नोंदीत आडनाव बहुधा नसते. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढीच ओळख असते, आणि महार शिपायाच्या बाबतीत दोन्ही नावांना ‘नाक’ जोडलेला असल्याने आज आडनाव लावणाऱ्या त्याच्या वंशजाला केवळ नावावरून त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, गाव आणि वतन यांच्या आधारे मागे जावे लागते. कुलाबा जिल्ह्यातील मराठी भाषक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, मुंबई लष्करात मोठ्या संख्येने होते, आणि त्यांची नावे इंग्रज कारकुनांच्या हातून इतक्या तऱ्हांनी उतरली, की एकाच सुभेदाराची दोन कागदांत दोन माणसे झालेली दिसतात. ‘नाईक’, ‘जमादार’, ‘हवालदार’, ‘सुभेदार’ हे हुद्देही आहेत आणि आडनावेही. यादीतल्या नावापुढे ‘नाईक’ दिसला तर तो हुद्द्याच्या रकान्यात आहे की नावाच्या, हे मूळ पान पाहिल्याशिवाय ठरवू नये.

पदकांच्या बाबतीत एक मूलभूत फरक आरंभीच समजून घेतला पाहिजे. एक प्रकार मोहिमेच्या पदकांचा, म्हणजे ठरावीक युद्धात ठरावीक काळात हजर असलेल्या प्रत्येकाला मिळणाऱ्या पदकांचा, आणि दुसरा शौर्य किंवा दीर्घ सेवा यांसाठी निवडक माणसांना मिळणाऱ्या मानचिन्हांचा. मोहिमेच्या पदकावर फितीला जोडून धातूची आडवी पट्टी बसवलेली असते, तिला ‘क्लास्प’ म्हणतात, आणि तिच्यावर लढाईचे किंवा मुलखाचे नाव असते. १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठीचे ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक या दृष्टीने फार बोलके आहे. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, नागपूर, महीदपूर आणि कोरेगाव ही नावे त्याच्या एकवीस पट्ट्यांत आहेत, म्हणजे या काळातील मराठ्यांविरुद्धच्या युद्धांचा जवळजवळ सगळा इतिहास एका फितीवर मावतो. पण हे पदक १८५१ मध्ये जाहीर झाले आणि ते हयात असलेल्यांनाच, तेही त्यांनी अर्ज केल्यावर, मिळणार होते. कोरेगावला लढलेल्या शिपायाला त्यासाठी आणखी ३३ वर्षे जगणे भाग होते, शिवाय आपल्या नावाने असे पदक निघाले आहे ही बातमी त्याच्या गावापर्यंत पोचायला हवी होती. म्हणून या पदकाच्या यादीत एखाद्याचे नाव नसणे हा तो लढाईत नसल्याचा पुरावा मुळीच ठरत नाही, आणि या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे आजवर पुष्कळ चुकीचे निष्कर्ष काढले गेले आहेत.

१८५४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया जनरल सर्व्हिस’ पदकापासून मात्र वाट सोपी होत जाते, कारण पदकाच्या कडेवर धारकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरण्याची पद्धत स्थिरावली. पहिल्या महायुद्धानंतर सर्वसाधारणपणे तीन पदके मिळत : १९१४ किंवा १९१४–१५ चा स्टार, चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल; स्टारवर नाव मागच्या सपाट बाजूला असते, इतर दोहोंवर कडेला. ब्रिटिश वॉर मेडल काशाचे असेल, तर ते बहुधा मजूर दलातील माणसाचे समजावे. बंदूक न घेता रेल्वे, बंदर आणि रस्ते यांवर राबलेल्या या माणसांना धातूतही वेगळे ठेवले गेले. शौर्यपदकांपैकी ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ १८३७ पासून होते आणि १९११ पर्यंत भारतीय शिपायासाठी तोच सर्वोच्च मान होता, कारण व्हिक्टोरिया क्रॉस भारतीयांना त्या वर्षी खुला झाला. १९०७ मध्ये त्याखालोखाल ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ आले. देशी अधिकाऱ्याच्या नावामागे ‘बहादुर’ किंवा ‘सरदार बहादुर’ असेल, तर ती घराण्याची पदवी नसून ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या दुसऱ्या किंवा पहिल्या वर्गाची खूण असते.

हानीच्या आकड्यांबाबत मराठी लेखनात फार घोटाळा होतो. लष्करी भाषेतील ‘कॅज्युअल्टी’ या शब्दात मृत, जखमी, बेपत्ता आणि युद्धकैदी असे सारेच येतात. कोरेगावी कंपनीच्या सुमारे ८३४ माणसांपैकी २७५ जणांची जी हानी सांगितली जाते, ती २७५ मृत्यूंची संख्या नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे स्तंभावरील ४९ नावांशी तिचा मेळ बसतो. मेसोपोटेमियात तापाने, हगवणीने आणि कुपोषणाने गेलेल्यांची संख्या गोळीने गेलेल्यांच्या बरोबरीने मोजावी लागते. कूट पडल्यावर सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती गेली, त्यांत भारतीय बहुसंख्य होते. वाळवंटातून चालत नेल्या गेलेल्या आणि रास अल ऐनच्या परिसरात रेल्वेच्या कामाला जुंपल्या गेलेल्या या कैद्यांपैकी हजारोंच्या मृत्यूची नेमकी तारीख कोणालाच ठाऊक नव्हती, आणि म्हणून अशा नोंदीपुढची तारीख ही पुष्कळदा कचेरीने गृहीत धरलेली तारीख असते. घरी मात्र सुवासिनीने कुंकू पुसायचे की नाही, हे त्या तारखेवर ठरत असे.

मूळ कागद तीन-चार ठिकाणी वाटले गेले आहेत. पदकांच्या याद्या आणि लष्करी पत्रव्यवहार लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात, वॉर डायऱ्या क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात, भारत सरकारचे लष्करी खाते दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि मुंबई इलाख्याचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. शिपायाची भरती, उंची, गाव, वारस आणि बढत्या नोंदणारा ‘शीट रोल’ पलटणीकडे असे आणि असे बहुतेक रोल आज हाती येत नाहीत. त्यामुळे निवृत्तिवेतन, युद्धानंतर दिलेली ‘जंगी इनामे’, म्हणजे जमीन किंवा रोख रकमेची बक्षिसे, आणि महसुली कागद यांतून आडवाटेने जावे लागते. खलाशी तर या सगळ्याच्या बाहेर राहतात. कोकणपट्टीतले जे लोक व्यापारी जहाजांच्या भट्टीखान्यांत आणि डेकवर काम करताना पाणबुड्यांच्या माऱ्यात बुडाले, त्यांची दखल मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधील स्मारकात घेतली आहे. ते सैनिक नव्हते म्हणून त्यांना वगळण्याचे कोणतेही न्याय्य कारण दिसत नाही.

हा शोध नव्याने सुरू झालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाल्यावर निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे जे अर्ज केले, त्यांचा आधार पूर्वजांनी केलेली लष्करी सेवा हाच होता; १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडली गेली, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभाजवळ गेले. ज्यांच्या हाती जमीन नव्हती, ताम्रपट नव्हते आणि बखरींत स्थान नव्हते, त्यांच्यासाठी पलटणीचा कागद हाच माणूस असल्याचा दाखला होता. दुसरीकडे, याच शिपायांनी परक्या सत्तेसाठी पुण्याच्या पेशव्यांविरुद्ध, चीनमध्ये, अबिसिनियात आणि इराकमध्ये शस्त्र धरले ही वस्तुस्थिती झाकण्याचेही कारण नाही. दारिद्र्य, जातीची कोंडी, घराण्याची परंपरा आणि पगाराची शाश्वती ही कारणे एकाच माणसाच्या ठिकाणी एकत्र आलेली असतात, आणि त्याचा न्याय करण्याआधी त्याचे नाव तरी ठाऊक असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत बसवलेल्या संगमरवरी पाट्यांवरही, या गावातून इतके गेले आणि त्यांतले इतके कामी आले, असा आकडाच आहे, नावे नाहीत. ती नावे जोडण्याचे काम आता त्या त्या गावातील माणसांनाच करता येण्यासारखे आहे. म्हणून वाचकांना विनंती आहे, की घरातल्या पेटीच्या तळाशी किंवा देवघरात राणीचा अथवा राजाचा छाप असलेले पदक सापडल्यास ते घासून चकचकीत करण्यापूर्वी किंवा सोनाराकडे नेण्यापूर्वी त्याच्या कडेवरील अक्षरे भिंगाखाली वाचून वहीत उतरवावीत. आणि गावच्या चावडीवर, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर १९१४–१९१९ अशी सालांची पाटी असल्यास तिच्यावर रंगाचा पुढचा हात फिरण्यापूर्वी तो आकडा टिपून घ्यावा, आणि त्या आकड्यात कोण कोण होते, हे गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून ठेवावे.